राजहऱ्याचा रूळ

रेल्वेच्या रुळावर त्याचं वय लिहिलेलं असतं. रुळाचं डोकं चाकांनी घासून चकचकीत होतं, पाय स्लीपरवर दबलेला असतो. पण मधल्या उभ्या पट्टीवर, गंजाच्या तांबूस थराखाली, लाटतानाच उठवलेली अक्षरं शिल्लक राहतात. एका मीटरला वजन किती किलो, ताणाला बळ किती, कारखाना कोणता, रोमन आकड्यात महिना आणि मग वर्ष. फलाटाच्या टोकाला वाकून पाहिलं तर बहुतेक वेळा ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीची अक्षरं सापडतात, आणि ‘सेल’चा रूळ म्हणजे छत्तीसगडातल्या भिलाईचा रूळ. १९६० साली तिथली रूळ लाटणारी गिरणी सुरू झाली, आणि पुढे कित्येक दशकं भारतीय रेल्वेचा रूळ बहुतांशी तिथूनच आला.

त्या अक्षरांत डोंगराचं नाव मात्र नसतं. ते नाव राजहरा. भिलाईपासून सुमारे ९० किलोमीटरवर, आजच्या बालोद जिल्ह्यात, दल्ली आणि राजहरा हे लोहदगडाचे जोडडोंगर आहेत. रुळाचा माग काढत मागे गेलं की वाट तिथे पोचते, पण सरळ पोचत नाही. ती चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, जंगलातून आणि नागपूरच्या अजब बंगल्यातून जाते, आणि शेवटी अशा माणसांच्या दारात थांबते, ज्यांची भट्टी याच रेल्वेमुळे विझली.

आधी डोंगराचं पाहू. लोखंड हे संक्रमणी मूलद्रव्य, अणुक्रमांक २६. या कुळातले धातू एकाच हिशेबाने व्यवहार करत नाहीत. लोखंडाचा अणू कधी दोन इलेक्ट्रॉन देतो, कधी तीन. दोन देऊन बसलेलं लोह पाण्यात सहज विरघळतं. तिसरा दिला की ते पाण्यात राहत नाही, गंज होऊन तळाशी बसतं. पृथ्वीच्या कोवळ्या वयात, हवेत ऑक्सिजन नसताना, समुद्रांत पहिल्या प्रकारचं लोह अमाप विरघळलेलं होतं. मग उन्हावर जगणारे सूक्ष्मजीव आले, त्यांनी ऑक्सिजन सोडायला सुरुवात केली, आणि समुद्राच्या पोटातलं लोह थरावर थर खाली बसत गेलं. एक थर लोहाचा, एक गारेचा. राजहरा हा तसा गाळ आहे, दोन अब्ज वर्षांहून जुना. नंतरच्या युगांत पाण्याने त्यातली गार जागोजागी धुऊन नेली आणि मागे उरला हेमॅटाइट. निव्वळ हेमॅटाइटात शंभरात सत्तर भाग लोखंड असतं. राजहऱ्याच्या चांगल्या दगडात साठाहून अधिक. हा दगड हातात जड लागतो, वरून पोलादी करडा दिसतो, पण खरवडला की लाल पूड निघते. आपल्या अंगणातल्या कुंड्यांना लावायचा गेरू तो हाच, मातीत मिसळलेला.

दगडातून लोखंड काढणं म्हणजे त्याला चिकटलेला ऑक्सिजन काढून घेणं. हे काम कोळसा करतो. नेमकं सांगायचं तर कोळसा अर्धवट जळून होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात. मातीच्या भट्टीत पायांनी भाता चालवून एवढी आच मिळत नाही. पण ऑक्सिजन त्याच्या पुष्कळ आधी सुटतो. दगडातली गार आणि माती वितळून कीट होऊन वाहून जाते आणि लोखंड न वितळताच, सच्छिद्र गोळा होऊन भट्टीच्या तळाशी उरतं. तो गोळा लालभडक असतानाच घणाखाली घ्यायचा आणि राहिलेलं कीट ठोकून बाहेर काढायचं. हे घडीव लोखंड. त्याचा फाळ होतो, कुऱ्हाड होते, खिळा होतो.

ही विद्या आपल्याकडे किती जुनी आहे याचा एक भक्कम पुरावा नागपूर जिल्ह्यात आहे. पेंच नदीकाठच्या नाइकुंडला १९७८ ते ८० या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी उत्खनन केलं, तेव्हा शिळावर्तुळं बांधणाऱ्या लोकांच्या वस्तीत लोखंड गाळायची भट्टी मिळाली. काळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासचा. भट्टीच्या विटा आणि शेजारी कीट. कीट टिकतं, लोखंड गंजून जातं. म्हणून पुराणवस्तूवाले लोखंडाचा शोध बऱ्याचदा त्याच्या टाकाऊ भागावरून लावतात. आयुर्वेदवाल्यांना हेच जुनं कीट ‘मंडूर’ म्हणून माहीत होतं, आणि मंडूरभस्मासाठी ते जितकं जुनं तितकं चांगलं समजलं जाई.

नाइकुंडच्या भट्टीपासून एकोणिसाव्या शतकातल्या भट्ट्यांपर्यंत मधली साखळी सलग जोडून दाखवता येणार नाही. पण काम तेच होतं. मंडला, बालाघाट, बिलासपूर या पट्ट्यात ते अगरिया जमातीचे लोक करत. ‘आग’ त्यांच्या नावातच आहे, आणि त्यांच्या देवांत लोहासुर आहे, कोयलासुर आहे, अग्यासुर आहे. म्हणजे दगड, कोळसा आणि आग. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांनी त्यांच्यावर १९४२ साली एक पूर्ण पुस्तक लिहिलं, तेव्हा तो धंदा मोडकळीला आलेला होता. चांदा जिल्ह्यातही लोखंड गाळणाऱ्यांच्या भट्ट्या होत्या, आणि राजहऱ्याच्या परिसरातही. राजहरा ज्या जमीनदारीत होता तिचं नावच डौंडी-लोहारा. चांद्याच्या ज्या टेकडीची पुढे मोठी चर्चा झाली तिच्या गावाचं नावही लोहारा. मला ही गावांची नावं फार महत्त्वाची वाटतात. भूगर्भशास्त्रज्ञाचा हातोडा पोचण्याआधी तिथे काय चाललं होतं, ते त्या नावांनी सांगून ठेवलं आहे.

आता रेल्वे. नागपूर-छत्तीसगड रेल्वे ही मीटर गेजची लाइन १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूरहून राजनांदगावपर्यंत पोचली; पुढे बंगाल नागपूर रेल्वेने ती रुंद करून पूर्वेला नेली. छत्तीसगडचा तांदूळ आणि गळित धान्यं बाहेर नेण्यासाठी ती लाइन हवी होती. तिचे रूळ तेव्हाच्या सगळ्या भारतीय रुळांप्रमाणे विलायतेहून आले. आणि त्याच डब्यांतून विलायती लोखंडही आलं: स्वस्त पट्ट्या, स्वस्त सळया, गावच्या लोहाराने तापवून फाळ करावा अशा. दुसरीकडे जंगलखात्याचे कायदे कडक झाले आणि कोळशासाठी झाड तोडणं गुन्हा ठरू लागलं. भट्ट्यांवर करही होता. लोहार राहिला, कारण आयत्या पट्टीचा फाळ करायला तो हवाच होता. दगडातून लोखंड गाळणारा गेला. पिढ्यान्‌पिढ्यांचं एक ज्ञान पंचवीस-पन्नास वर्षांत निरुपयोगी ठरलं, आणि ते अपुरं होतं म्हणून नाही.

त्याच सुमारास सरकारी भूगर्भखात्यात प्रमथनाथ बोस नावाचे बंगाली अधिकारी काम करत होते. १८८० साली ते त्या खात्यात दाखल झाले. त्या दर्जाच्या जागेवर आलेले पहिले भारतीय. रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातल्या लोखंडाच्या धंद्यावर त्यांनी १८८७ साली खात्याच्या नियतकालिकात टिपण प्रसिद्ध केलं. दुर्ग तेव्हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो रायपूरचा पश्चिम भाग होता. टिपणाचा विषय ‘साठा’ नव्हता, ‘धंदा’ होता. डोंगरात लोखंड आहे हे बोसांना गाळणाऱ्यांच्या भट्ट्यांनी दाखवलं. सरकारी कागदात पुढे डोंगर शिल्लक राहिला आणि भट्टीवाला गळाला.

जमशेटजी टाटांची गोष्ट इथे येऊन मिळते. नागपुरात त्यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली होती. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्त्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांद्याच्या लोखंडाविषयीचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. लोहाऱ्याला दगड, जवळच वरोऱ्याला कोळसा. मग पोलादाचा कारखाना का नाही? पण तेव्हाचे खाणकामाचे नियम असे होते की खाजगी माणसाच्या हाती काही लागू नये. १८९९ मध्ये ते सैल झाले. जमशेटजी अमेरिकेला गेले, पेरीन या सल्लागार अभियंत्याला गळ घातली, आणि १९०३ मध्ये पेरीनचे सहकारी सी. एम. वेल्ड इकडे आले. जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी टाटा, भाचे शापुरजी सकलातवाला आणि वेल्ड बैलगाड्यांतून चांद्याच्या जंगलात हिंडले. निष्कर्ष निराशेचा होता. लोहाऱ्याचा साठा मोठ्या कारखान्याला पुरणारा नव्हता, आणि वरोऱ्याचा कोळसा भाजून भट्टीला लागणारा कोक होईना.

दोराबजी हा निरोप सरकारला द्यायला नागपूरला गेले. हकीगत अशी सांगतात की भेटायचे ते अधिकारी तेव्हा जागेवर नव्हते, म्हणून वेळ काढायला दोराबजी समोरच्या वस्तुसंग्रहालयात शिरले. १८६३ साली सुरू झालेलं हे नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आमचा अजब बंगला. भिंतीवर मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा होता. त्यात दुर्ग भागाचा एक तुकडा गडद रंगवलेला, आणि त्या रंगाचा अर्थ लोखंड. दोराबजींनी वेल्डना बोलावून नकाशा दाखवला आणि मंडळी राजहऱ्याच्या वाटेला लागली.

नागपूरकर पोराटोरांना घेऊन अजब बंगल्यात जातात ते भुसा भरलेले प्राणी दाखवायला. तिथल्या एका भिंतीने देशातल्या एका मोठ्या कारखान्याचा डोंगर जगासमोर आणला, हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. सांगायला हवं.

राजहऱ्यावर पोचल्यावर वेल्ड चालायला लागले तेव्हा डोंगर पायांखाली धातूसारखा वाजत होता, असं त्या प्रवासाच्या वर्णनांत येतं. जवळजवळ सगळा डोंगरच लोखंडाचा. पण लोखंडाला कोक लागतो, चुनखडी लागते, पाणी लागतं. महानदीकाठी संबळपूरजवळ कारखाना काढून दगड तिकडे न्यायचा, असाही विचार झाला. तेवढ्यात २४ फेब्रुवारी १९०४ ची तारीख असलेलं एक पत्र आलं: मयूरभंज संस्थानात, गोरुमहिसानीच्या डोंगरात, कोळशाच्या जवळ, उत्तम लोखंड आहे. पत्र लिहिणारे होते प्रमथनाथ बोस, आता सरकारी नोकरी सोडून संस्थानाच्या सेवेत आलेले. ज्यांनी राजहरा कागदावर आणला होता, त्यांनीच टाटांना राजहऱ्यापासून दूर नेलं. कारखाना साकचीला झाला, तेच पुढे जमशेदपूर. जमशेटजी मात्र त्याच वर्षी १९ मे रोजी गेले.

राजहरा आणखी पन्नास वर्षं तसाच उभा राहिला.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला: वर्षाला दहा लाख टन पोलादाचा कारखाना, सोव्हिएत यंत्रं आणि तंत्रज्ञान. जागा भिलाई. त्या दिवशी भिलाई ज्या राज्यात होती त्याची राजधानी नागपूर होती, हे आज विसरायला होतं. राज्यपुनर्रचना व्हायला अजून पावणेदोन वर्षं होती. विदर्भ आणि छत्तीसगड एकाच मध्य प्रदेशात नांदत होते, आणि रायपूरचे मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांनी कारखाना आपल्या भागात यावा म्हणून जोर लावला होता. भिलाई मुंबई-हावडा लाइनवर होती, म्हणजे त्या जुन्या नागपूर-छत्तीसगड रेल्वेच्याच वाटेवर. दगड राजहऱ्याचा, चुनखडी नंदिनीची, पाणी तांदुला धरणाचं आणि कोळसा दूर झरियाकडून. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्‌घाटन झालं. आजूबाजूच्या गावांत त्या वर्षांत वावड्या होत्या की भट्टीला माणसाचा बळी लागतो. जमिनी गेलेल्या माणसांच्या मनातली ही भीती मी अडाणीपणाच्या खात्यात टाकणार नाही. लोहासुराच्या मुलखात भट्टी ही जिवंत वस्तू होती आणि तिला काही द्यावं लागतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

झोतभट्टी आणि मातीची भट्टी यांत रसायन तेच. फरक आचेचा आणि त्यातून येणाऱ्या कार्बनचा. झोतभट्टीत वरून दगड, कोक, चुनखडी टाकतात, खालून तापलेली हवा फुंकतात. वर चढणारा कार्बन मोनॉक्साइड दगडातला ऑक्सिजन घेतो, आणि सुटलेलं लोखंड चार टक्क्यांच्या आसपास कार्बन पिऊन बसतं. कार्बन मुरला की वितळबिंदू तीन-चारशे अंशांनी उतरतो, म्हणून ते पाण्यासारखं वाहतं. हे थिजलं की बीड. बीड कठीण असतं पण ठिसूळ. पडलं की फुटतं. त्याचा रूळ होत नाही. घडीव लोखंड उलट चिवट पण मऊ. त्याचा रूळ झिजून जाईल. रुळाला या दोघांच्या मधलं हवं: शंभरात ०.६ ते ०.८ भाग कार्बन, सोबत एक टक्क्याच्या आगेमागे मँगेनीज. हे पोलाद. शब्द फारसी ‘फौलाद’वरून आलेला. वितळलेल्या लोखंडातला जादा कार्बन ऑक्सिजनने जाळून काढायचा आणि नेमक्या जागी थांबायचं, हीच पोलाद करण्याची कला. या प्रमाणातलं पोलाद थंड होतं तेव्हा त्यात मऊ लोखंड आणि कठीण लोहकार्बाइड यांचे अतिबारीक आळीपाळीचे थर पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते शिंपल्याच्या आतल्या अस्तरासारखे झळकतात, म्हणून त्याला पर्लाइट म्हणतात. डोंगरात थर, रुळात थर. पण पहिले पडायला युगं लागली, दुसरे काही मिनिटांत पडतात.

रुळाचा खरा वैरी मात्र कार्बन नाही, हायड्रोजन. वितळलेल्या पोलादात तो सहज मुरतो. पोलाद थिजलं की त्याला जागा उरत नाही आणि आतल्या आत गोळा होऊन तो केसासारख्या चिरा पाडतो. बाहेरून रूळ निर्दोष दिसतो. वरून हजारो चाकं जातात, डोक्याच्या आत चीर मूत्रपिंडाच्या आकाराची होत वाढते, आणि एके दिवशी रूळ तुटतो. पूर्वी लाटलेले रूळ झाकून सावकाश थंड करत, म्हणजे हायड्रोजनला निसटायला वेळ मिळे. नंतर वितळलेल्या पोलादावर निर्वात करून तो ओढून काढायची सोय आली. २६ नोव्हेंबर १९९८ रोजी पंजाबात खन्नाजवळ तुटलेल्या रुळामुळे एका गाडीचे डबे घसरले, दुसरी त्यांवर आदळली आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. पुढच्या काळात रुळांतल्या हायड्रोजनची मर्यादा दहा लाख भागांत १.६ भाग इतकी खाली आली. हिशेब करून पाहा: मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात, एका मीटरमागे, ग्रॅमच्या दहाव्या भागाइतका हायड्रोजन. झोपेत नागपूर गाठणाऱ्या माणसाचा जीव या दशांशावर असतो.

रूळ लांबही झाले. पूर्वी तेरा मीटरचा एक रूळ, दोन रुळांत फट, फटीवर चाकाचा ठोका. आता भिलाईत १३० मीटरचा अखंड रूळ लाटतात आणि दोन जोडून २६० मीटरचा करतात. साठ किलोच्या मापाने त्याचं वजन पंधरा टनांवर. लोखंड तापलं की वाढतं. ४० अंशांच्या फरकाला २६० मीटरचा मोकळा रूळ साधारण साडेबारा सेंटिमीटर वाढेल. पण तो मोकळा नसतोच, काँक्रीटच्या स्लीपरांना चापांनी जखडलेला असतो. वाढ होत नाही, तिचा दाब होऊन रुळातच राहतो. थंडीत त्याचाच ताण होतो. म्हणून चंद्रपूर-गोंदियाच्या उन्हाळ्यात कीमन दुपारी रुळाची वाकण पाहत हिंडतो आणि डिसेंबरात पेट्रोलमन रात्री कंदील घेऊन तडे शोधतो.

या साखळीतली माणसं नेहमी मागे राहतात. दल्ली-राजहऱ्यात कंत्राटी कामगार, बाया आणि पुरुष, दगड हाताने फोडून भरत. १९७७ मध्ये कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांच्यासोबत त्यांची संघटना उभी राहिली; त्याच जूनमध्ये पोलिसांच्या गोळीबारात कामगार मारले गेले. त्यांच्या आठवणीत मजुरांनी स्वतःच्या पैशांतून आणि श्रमांतून शहीद हॉस्पिटल बांधलं, ते १९८३ पासून चालू आहे. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे नियोगींची भिलाईत झोपेत हत्या झाली. आणि खुद्द कारखान्यात, जून २०१४ मध्ये, पंपहाऊसजवळ गळालेल्या वायूने सहा जणांचा जीव घेतला. तो वायू कार्बन मोनॉक्साइड होता. दगडातला ऑक्सिजन ओढून घेणारा हा वायू रक्तात मात्र ऑक्सिजनची जागा बळकावतो. तिथे तो लोखंडालाच, हिमोग्लोबिनमधल्या लोहाच्या अणूला, जाऊन चिकटतो.

साठ वर्षांहून अधिक काळ खणून दल्ली-राजहऱ्याचा चांगला दगड आता सरत आला आहे. पुढचा डोंगर रावघाट, आणखी दक्षिणेला, बस्तरच्या उंबरठ्यावर. तिथवर पोचायला दल्ली-राजहऱ्याहून नवी रेल्वेलाइन टाकत नेली आहे: गुदुम, भानुप्रतापपूर, केवटी, अंतागड, असं एकेक स्टेशन करत. त्या वाटेवर अबुझमाडचे माडिया आहेत, गोंड आहेत, आणि लोखंड ओळखणारी माणसं तिथेही पूर्वीपासून आहेत. लाइनच्या बाजूला उतरून रुळाची उभी पट्टी पाहिली, तर गंज अजून पातळ आहे आणि वर्षाचा आकडा स्पष्ट वाचता येतो.